लेखकाची शैली ओळखायची कशी?

दहावीच्या कुमारभारतीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत मराठीच्या उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास सापडतं: लेखकाची भाषा ओघवती, सहजसुंदर आणि चित्रदर्शी आहे. रसग्रहणात ‘भाषिक वैशिष्ट्ये’ हा मुद्दा आला की पेन आपोआप तिकडे वळतं. धडा साने गुरुजींचा असो, व्यंकटेश माडगूळकरांचा असो की दुर्गा भागवतांचा, वाक्य तेच राहतं आणि गुणही मिळून जातात. पण जे विधान प्रत्येक लेखकाला लागू पडतं, ते कोणाबद्दलच काही सांगत नाही.

मी मराठी साहित्याचा विद्यार्थी आहे. पुस्तकातली कथा लक्षात राहते, पात्रं लक्षात राहतात. पण एखाद्या पानावरचं लेखकाचं नाव झाकलं तरी ते पान कोणाचं हे आपण कशावरून ओळखतो, हे सांगता येत नाही, असं माझ्यासह अनेकांचं होतं. शैली ही विशेषणांत सांगायची गोष्ट नाही. ती वाक्यात, क्रियापदात, शब्दांच्या निवडीत आणि गाळलेल्या मजकुरात असते, आणि म्हणून ती बोट ठेवून दाखवता येते. कुठे बोट ठेवायचं, त्याच्या काही जागा पुढे दिल्या आहेत.

जुना प्रश्न, जुनी उत्तरं

शैलीचा विचार आपल्याकडे नवा नाही. आठव्या शतकातल्या वामनाने ‘काव्यालंकारसूत्रवृत्ती’ या ग्रंथात रीतीला काव्याचा आत्मा मानलं आणि वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन रीती सांगितल्या. वैदर्भीत सगळे गुण, गौडीत ओज आणि कांती, तर पांचालीत माधुर्य आणि सौकुमार्य, अशी त्याची वाटणी आहे. नावं प्रदेशांची असली, तरी रीती ठरते ती शब्दांच्या विशिष्ट रचनेवरून. समास लांब की आखूड, वर्ण कठोर की मृदू, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर ही चर्चा उभी आहे.

वामनाच्या आधी होऊन गेलेल्या दंडीने ‘काव्यादर्शा’त वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगितले आणि एक कबुलीही दिली. प्रत्येक कवीचा बारीक वेगळेपणा सांगू गेलं तर तो सांगून संपणार नाही, असं तो म्हणतो. ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत फरक आहे हे जिभेला कळतं, पण तो शब्दांत मांडणं सरस्वतीलाही जमायचं नाही, हा त्याचा दाखला. दंडीचं म्हणणं खरंच आहे. तरी गोडी कशामुळे आली याचा शोध घेता येतो, आणि वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

वाक्य किती लांब?

सगळ्यात आधी पाहायची गोष्ट म्हणजे वाक्याची लांबी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली. जॉन्सन आणि मेकॉले या इंग्रजी गद्यकारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांचं वाक्य लांब आणि अनेक उपवाक्यांचं असतं. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं, मग एकेक मुद्दा खोडायचा आणि शेवटच्या क्रियापदावर फटका मारायचा, अशी त्याची चाल असते. वादासाठी घडवलेलं हे वाक्य आहे, म्हणून ते मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचलं की जास्त कळतं.

याच्या उलट टोकाला ‘लीळाचरित्र’ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना गाठून ऐकलेलं लिहून घेतलं, आणि एकाच प्रसंगाच्या आठवणी वेगवेगळ्या आल्या तर तो फरकही नोंदवला. या पुस्तकातलं वाक्य आखूड आहे आणि संवाद भरपूर आहेत. कोण काय म्हणालं, मग कोण काय म्हणालं, अशी नोंद पुढे जाते. साक्ष नोंदवणाऱ्याला फुलोरा परवडत नाही. चिपळूणकरांना वाद जिंकायचा होता, म्हाइंभटांना शब्द जपायचा होता. दोघांच्या वाक्यांची लांबी त्यांच्या हेतूतून आली आहे.

या दोघांच्या मध्ये आणखी एक फरक पडतो. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात छापखान्यांबरोबर आणि इंग्रजीच्या संपर्कातून रुळली. त्या कामात मेजर कँडी यांचं नाव घेतलं जातं. चिन्हं नसताना वाक्याचा शेवट क्रियापदाने कळवावा लागे. चिन्हं आल्यावर वाक्य लांबवण्याची सोय झाली. जुनं गद्य वाचताना हे ध्यानात ठेवलं, तर त्याच्या आखूडपणाचं नवल वाटत नाही.

क्रियापद कुठे बसलं आहे?

मराठीचा सर्वसाधारण क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा आहे. पण विभक्तिप्रत्ययांमुळे कोणी काय केलं हे शब्दांची जागा बदलली तरी कळतं. त्यामुळे लेखकाला मोकळीक मिळते. एक साधं वाक्य घेऊ:

म्हातारीने दार उघडलं नाही.
दार उघडलं नाही म्हातारीने.
दार म्हातारीने उघडलंच नाही.

माहिती तिन्हींत एकच आहे. पहिलं वाक्य बातमी देतं. दुसऱ्यात सांगणारा समोर बसून बोलतो आहे आणि कर्ता त्याला नंतर आठवला आहे. तिसऱ्यात अपेक्षाभंग आहे, आणि तो एकट्या ‘च’ने आणला आहे. एखादा लेखक यांपैकी कोणता क्रम वारंवार निवडतो, हे पाहिलं की त्याची ढब सापडू लागते. बोलल्यासारखं लिहिणारे क्रियापद अलीकडे ओढून पुढे कर्ता किंवा कर्म जोडतात. कोरीव लिहिणारे क्रियापद शेवटी राखून ठेवतात.

‘च’, ‘ही’, ‘ना’, ‘म्हणे’, ‘बरं का’ ही छोटी अव्ययंही तपासावीत. ‘तो आला’ हे निवेदन झालं. ‘तो आला म्हणे’ म्हटलं की सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही, ऐकीव गोष्ट सांगितली आहे, आणि कदाचित तिच्यावर त्याचा फारसा विश्वासही नाही. गावगप्पांच्या सुरात कथा सांगणाऱ्या लेखकाकडे ‘म्हणे’ बरंच काम करतं. वैचारिक निबंधात ते क्वचितच येतं, आणि आलं तर बहुधा टोमणा म्हणून.

येई, येत असे, यायचा

पूर्वी नेहमी घडणारी गोष्ट सांगायला मराठीत अनेक रूपं आहेत. ‘तो रोज येई’, ‘तो रोज येत असे’, ‘तो रोज यायचा’. अर्थ जवळपास एक, पण प्रत्येकाचा काळ आणि सूर निराळा. ‘येई’ आज बोलण्यात उरलेलं नाही. ते छापील कथेचं आणि जुन्या आठवणींचं रूप आहे. ‘येत असे’ संयत आणि चरित्रात शोभणारं आहे. ‘यायचा’ ओट्यावर बसून सांगितल्यासारखं वाटतं.

‘असते’ की ‘असतं’, ‘केले’ की ‘केलं’ हाही असाच एक निर्णय आहे. ‘केले’ लिहिणारा लेखक वाचकापासून हातभर अंतर राखतो, ‘केलं’ लिहिणारा जवळ बसतो. एकाच पुस्तकात निवेदन ‘केले’मध्ये आणि संवाद ‘केलं’मध्ये असेल, तर लेखकाने लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा जाणीवपूर्वक वेगळी ठेवली आहे असं समजावं. कथा वाचताना एका पानावरची सगळी क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करून पाहावीत. पानाचा सूर तिथेच उघडा पडतो.

बोली कोण बोलतं?

‘लेखकाने ग्रामीण बोलीचा वापर केला आहे’ हेही उत्तरपत्रिकेतलं आवडतं वाक्य. त्याच्यापुढे एक प्रश्न विचारायला हवा: बोली कोण बोलतं? पात्रं, की गोष्ट सांगणाराही?

माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीत धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शाळामास्तर गोष्ट सांगतो. त्याचं निवेदन साध्या प्रमाण मराठीत आहे, आणि वस्तीवरची माणसं माणदेशी बोलतात. त्यामुळे वाचकही मास्तराबरोबर बाहेरून वाडीत शिरतो आणि हळूहळू तिथला होतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) मध्ये निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत आहे, पण संवादांमधली वऱ्हाडी इतकी दाट आहे की नायिका कौतिकच्या घरातली ओढाताण त्या बोलीतूनच ऐकू येते. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (1971) मध्ये शेतावरचा गडी नारबा स्वतःच गोष्ट सांगतो, म्हणून अख्खी कादंबरी त्याच्या बोलीत आहे. मळ्यावरची जनावरं जाऊन यंत्र येतं, तेव्हा त्याचा अर्थ समजावून द्यायला तिथे कोणी शिकलेला माणूस नाही. नारबाला जेवढं उमगतं तेवढंच आपल्याला मिळतं.

शहरालाही बोली असते. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (1965) मध्ये मुंबईतल्या नाक्यावरच्या पोरांची भाषा निवेदनातच आहे. तिच्यात हिंदी आहे, इंग्रजी आहे, शिव्या आहेत आणि सभ्य वाचकाची जराही पर्वा नाही. या चारही पुस्तकांना ‘बोलीचा वापर’ हे एकच लेबल लावलं, तर नेमका वेगळेपणाच हातातून निसटतो.

सांगतो कोण, ऐकतो कोण?

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तक 1935 साली आलं. त्यातली प्रकरणं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत आणि अशा 42 रात्री आहेत. आश्रमातल्या मित्रांना श्याम दर रात्री आईची एक आठवण सांगतो. ऐकणारे समोर बसलेले आहेत, म्हणून वाक्यं छोटी आहेत, संबोधनं येतात, उद्गार येतात आणि शेवटी बोध येतो. हा भावुकपणा कोणाला आवडेल, कोणाला जड होईल. पण सांगण्याची बैठक ध्यानात घेतली की तो आला कुठून हे समजतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. नवऱ्याचं धर्मांतर, त्यातून आलेली ताटातूट, गरिबी, मृत्यू हे सगळं त्या पुस्तकात आहे. रडायला पुष्कळ जागा होती. लक्ष्मीबाई मात्र प्रसंग सांगतात, त्यातली गंमत टिपतात आणि पुढच्या प्रसंगाकडे निघतात. स्वतःच्या दुःखावर भाष्य करायला त्या थांबत नाहीत. त्यांचं शालेय शिक्षण झालं नव्हतं. त्यांची भाषा घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीची आहे. आत्मचरित्रात स्वतःकडे किती पाहायचं, याचा निर्णय इथे भाषेतच झालेला दिसतो.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) मध्ये आणखी वेगळी योजना आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा आहे तो लेखक दया पवार. माणूस एकच, पण गावातल्या महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला दगडू वेगळा आणि शहरात स्थिरावलेला सुशिक्षित लेखक वेगळा. या दुभंगामुळे पुस्तकाला दोन सूर मिळाले. एक सांगतो, दुसऱ्याला ते ऐकणं जड जातं.

‘वगैरे’ची किंमत

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 साली आली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर तिच्यात आपली हकिकत सांगतो. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या दोन शब्दांची पेरणी हे या कादंबरीचं चटकन डोळ्यांत भरणारं वैशिष्ट्य. कॉलेजातल्या अनेकांनी ते उचललं आणि बरेच दिवस वापरलं.

हे दोन शब्द तिथे काय करतात ते पाहिलं पाहिजे. ‘वगैरे’ म्हटलं की आधीची यादी संपवण्याचा कंटाळा दिसतो आणि मोठ्या शब्दांतली हवा निघून जाते. देश, संस्कृती, प्रेम, ध्येय यांच्यामागे ‘वगैरे’ लागलं की त्यांचा दिमाख ओसरतो. ‘उदाहरणार्थ’ हा तर पाठ्यपुस्तकी शब्द. तो भलत्याच जागी वापरल्यामुळे शहाणपणाने समजावून सांगण्याची सगळी पद्धतच हास्यास्पद ठरते. त्याआधीच्या लोकप्रिय मराठी कादंबरीत ना. सी. फडक्यांची गुळगुळीत वळणदार वाक्यं होती, वि. स. खांडेकरांची सुभाषितवजा वाक्यं होती. त्या दोन्हींना पांडुरंगचं हे तिरकं बोलणं नकार देतं.

आणि तरी ‘कोसला’ची शैली म्हणजे हे दोन शब्द नव्हेत. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं वाचताना थट्टेचा हा मुखवटा गळून पडतो. आधी एवढा तिरकसपणा ऐकलेला असतो, म्हणून तो नसणं आपल्याला जाणवतं. ज्यांनी फक्त ‘वगैरे’ उचललं, त्यांच्या हाती सवय लागली. शैली पुस्तकातच राहिली.

विनोदाची यंत्रणा

‘खुसखुशीत विनोदी शैली’ हे आणखी एक तयार विशेषण. विनोद कुठून येतो हे पाहिलं, तर मराठीतच त्याच्या तीन-चार तऱ्हा दिसतात. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिलेल्या लेखांत अतिशयोक्ती आणि कोटी यांचा पाऊस असतो; भाषा स्वतःच हसवते. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. तो अगदी प्रामाणिकपणे स्वतःची फजिती सांगतो आणि वाचक त्याच्या पुढे एक पाऊल असतो, म्हणून हसतो. चिमणराव शहाणा झाला की तो विनोद संपेल.

पु. ल. देशपांड्यांचं मर्म त्यांच्या कानात आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला रत्नागिरीचा अंतू बर्वा तिरकस का वाटतो ते त्याचं बोलणं एकेक वाक्य तोडून पाहिल्यावर कळतं. तो सरळ उत्तर देत नाही, प्रश्नालाच प्रश्न लावतो, कौतुकातही एक खोच ठेवतो. लेखक स्वतः बाजूला राहून त्याला बोलू देतो. मग लेखाच्या शेवटाकडे त्या तिरकसपणाच्या मागचा एकटेपणा दिसतो आणि आधी हसलेल्या वाक्यांचा अर्थ बदलतो. पु. लं.नी आपल्या लेखनाचं जाहीर अभिवाचन केलं, त्यांची ध्वनिमुद्रणं आजही ऐकली जातात. ती ऐकून मग पुस्तक उघडलं, की स्वल्पविराम कुठे आणि का आहे हे स्पष्ट होतं.

जी. एं.ची प्रतिमा

धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथेबद्दल ‘प्रतिमांनी समृद्ध’ असं नेहमी म्हटलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. ‘निळासावळा’ (1959) किंवा ‘पारवा’ (1960) या सुरुवातीच्या संग्रहांत माणसं ओळखीच्या गावांतली आणि घरांतली आहेत. ‘काजळमाया’ (1972) आणि ‘रमलखुणा’ (1975) पर्यंत येताना अनेक कथांमधलं गाव, नाव आणि काळ पुसट होत जातं आणि दृष्टान्तासारखी कथा उभी राहते. ‘रमलखुणा’त तर ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत.

या बदलाबरोबर उपमेचं कामही बदलतं. साधारणपणे उपमा वर्णन खुलवायला येते. ती काढली तरी कथा चालते. जी. एं.च्या उत्तरकाळातल्या कथेत उपमा काढली तर कथेचा सांगाडाच ढासळतो. कारण माणसाच्या वाट्याला आलेलं अटळ काहीतरी ते विधानातून सांगत नाहीत, रंग, प्राणी, वाळू, दगड यांच्या रूपात समोर ठेवतात. म्हणून प्रतिमा किती आहेत हे मोजण्यापेक्षा, एखादी प्रतिमा खोडली तर काय उरतं, हे तपासून पाहावं. ही कसोटी कोणत्याही लेखकाला लावता येते.

न लिहिलेली वाक्यं

लेखकाने काय गाळलं, हीसुद्धा त्याची शैलीच असते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकाची संहिता नुसती चाळली, तरी अर्धवट सुटलेली वाक्यं आणि वाक्याच्या शेवटची टिंबं नजरेत भरतात. त्याआधीच्या नाटकांत पात्रं पूर्ण, सजवलेल्या वाक्यांत बोलत, टाळी घेत. तेंडुलकरांची माणसं अडखळतात, विषय बदलतात, दुसऱ्याचं वाक्य तोडतात. खेळ म्हणून मांडलेला खटला कधी खरा झाला, हे त्या तुटक बोलण्याच्या आडून घडत जातं. नाटक वाचताना संवादाइतकंच लक्ष कंसातल्या रंगसूचनांकडे आणि टिंबांकडे द्यावं ते यासाठी.

एकच विषय, दोन लेखिका

शैली दिसायला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एकाच विषयावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवणं. मराठीत त्यासाठी एक उत्तम जोडी आहे. दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ 1962 साली आलं आणि इरावती कर्व्यांचं ‘युगांत’ 1967 साली. दोन्ही पुस्तकं महाभारतातल्या व्यक्तींबद्दल आहेत. दोघींचाही समाज आणि संस्कृतीचा अभ्यास दांडगा, दोघीही स्वतंत्र बुद्धीच्या. साम्य साधारण इथवरच.

इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ म्हणून पुढे जातात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीचा आधार घेतात, नातेसंबंध तपासतात, कोणाला काय मिळालं आणि कोणी काय किंमत मोजली याचा हिशेब मांडतात. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, असा प्रश्न विचारायलाही त्या कचरत नाहीत, आणि त्यासाठी एकामागून एक पुरावे ठेवतात. त्यांचं वाक्य सरळ असतं, विशेषणं मोजकी असतात. मध्येच त्या स्वतःलाही प्रश्न विचारतात आणि वाचकाच्या देखत उत्तर शोधतात.

दुर्गाबाई त्याच माणसांकडे कवीच्या नजरेने पाहतात. व्यक्तीपेक्षा तिच्याभोवतीचा एखादा भाव, एखादा रंग, एखादा क्षण त्यांना धरून ठेवतो. ‘ऋतुचक्र’ (1956) मध्ये महिन्यामहिन्याला बदलणारी झाडंपानं निरखणारी नजर इथे माणसांच्या मनाकडे वळली आहे. त्यांचं वाक्य पुन्हा पुन्हा त्याच बिंदूकडे परत येतं आणि प्रत्येक वेळी थोडं आत जातं. तिथे पुराव्यापेक्षा प्रचितीला मान आहे. द्रौपदी दोन्ही पुस्तकांत आहे. एकीकडे ती राजकारणात आणि कुळांच्या व्यवहारात सापडलेली बाई आहे, दुसरीकडे ती वासनेचं आणि तेजाचं रूप आहे. महाभारत तेच, पण कुठलं वाक्य लिहायचं याच्या निवडीतून दोन द्रौपदी तयार झाल्या.

विडंबनाची कसोटी

एखाद्याची शैली खरोखर वेगळी आहे का, हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे: तिचं विडंबन करता येतं का? आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाच्या काळातल्या कवींच्या लकबी पकडल्या. लकब पकडायची तर आधी ती दिसायला हवी. म्हणून चांगला विडंबनकार हा बारकाईने वाचणारा वाचक असतो. ज्या लेखकाचं विडंबन करायला काही सापडत नाही, तो एकतर फार साधा असतो किंवा फार सामान्य. यातलं खरं कोणतं, हे ठरवायला मात्र पुस्तक पुन्हा वाचावं लागतं.

लेखक अनुवाद करतो, तेव्हाही त्याच्या शैलीचं पाणी कळतं. शब्दांचे खेळ मनमुराद खेळणाऱ्या पु. लं.नी हेमिंग्वेसारख्या अल्पाक्षरी लेखकाची कादंबरी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. ती त्यांच्याच ‘बटाट्याची चाळ’च्या शेजारी ठेवून वाचावी. स्वतःचं काय बाजूला ठेवावं लागलं, हे पानोपानी दिसतं.

वाचताना करायच्या गोष्टी

हे सगळं एकाच वाचनात होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही. पहिलं वाचन गोष्टीसाठी असावं. त्या वेळी पेन्सिल हातात घेतली तर वाचनाचा आनंद जातो. आवडलेल्या पुस्तकाकडे परत येताना मात्र पुढच्या गोष्टी कराव्यात:

1. एक पान निवडून मोठ्याने वाचावं. श्वास कुठे घ्यावा लागतो, तिथे खूण करावी.
2. त्या पानावरची क्रियापदं अधोरेखित करून त्यांची रूपं आणि जागा पाहाव्यात.
3. शब्द वेगळे काढावेत: संस्कृत किती, फारसी-अरबी वळणाचे किती, बोलीतले किती, इंग्रजी किती, आणि ते निवेदनात आहेत की संवादात.
4. एखादं विशेषण, एखादी उपमा खोडून वाक्य पुन्हा वाचावं. काही बिघडलं का?
5. लेखकाने सांगायचं टाळलेली एक गोष्ट शोधावी.
6. एक परिच्छेद स्वतःच्या हाताने उतरवून काढावा. डोळा ज्या शब्दावरून घसरतो, त्यावर हात अडतो.

असं केल्यावर ‘मला हा लेखक आवडला’ याच्यापुढे ‘कारण’ लिहिता येतं. नावडलेल्या लेखकाबद्दलही न्यायाने बोलता येतं. फडके-खांडेकरांना जुनाट म्हणून बाजूला सारणाऱ्या माझ्या पिढीने निदान त्यांचं एक पान असं वाचून मग मत द्यावं. स्वतः लिहू पाहणाऱ्याला तर याचा दुहेरी उपयोग आहे: आपल्या लिखाणात कोणाचं वळण नकळत आलं आहे, हे आधीच कळतं.

शिक्षकांना एक विनंती आहे. भाषिक वैशिष्ट्यांच्या प्रश्नाला गुण देताना विशेषणाशेजारी पाठातला दाखला मागा. दाखला नसेल तर गुण कापा. आणि वाचकांना सांगायचं तर, सुरुवातीला ‘युगांत’ आणि ‘व्यासपर्व’ ही दोनच पुस्तकं पुरे. जवळच्या वाचनालयातून दोन्ही एकाच दिवशी आणा, आणि द्रौपदीवरची पानं लागोपाठ वाचा.